शेजारच्या गावात कोंबड्या दगावत आहेत : मानमोडी की बर्ड फ्लू?

प्रश्न : परसदार (तालुका मुरबाड, जिल्हा ठाणे)

नमस्कार. आमच्याकडे शेतीला जोड म्हणून कोंबडीपालन आहे. शेडमध्ये अंड्यांसाठी गिरिराज आणि वनराज जातीच्या दीडशेच्या आसपास कोंबड्या आहेत, आणि अंगणात सासूबाईंच्या गावठी कोंबड्या व चार-सहा बदके मोकळी फिरतात. गेल्या आठवड्यात ओढ्यापलीकडच्या गावात दोन-तीन घरच्या कोंबड्या एकाएकी मेल्या. तिथल्या लोकांनी काही पुरल्या, काही ओढ्याकाठी टाकल्या, आणि ज्या नुसत्या मलूल होत्या त्या कापून खाल्ल्या, असे कानावर आले.

काल सकाळी आमच्या खुराड्यातही तीन कोंबड्या मेलेल्या सापडल्या. आणखी दोन पंख ढाळून बसल्या आहेत. त्यांतली एक खुडूक असावी असे आधी वाटले, परंतु ती दाणा टिपत नाही आणि तिचा तुरा जांभळट झाला आहे. शेडमधल्या कोंबड्या वरकरणी बऱ्या आहेत, मात्र कालपासून अंडी कमी झाली असून दोन अंडी कवचाविना, नुसत्या पापुद्र्यात निघाली.

सासूबाईंच्या मते ही मानमोडीच आहे, कारण थंडी सरताना ती अधूनमधून येतेच. धाकटे दीर म्हणतात की सरकारी दवाखान्यात कळवले तर एकही पक्षी शिल्लक ठेवणार नाहीत, त्यापेक्षा उद्या व्यापाऱ्याची गाडी येणार आहे तिच्यात शेडमधला सगळा माल चढवून मोकळे व्हावे. माझे मन त्याला तयार होत नाही. घरात पाच वर्षांची मुलगी आहे आणि ती दिवसभर पिल्लांच्या मागे असते. दोन्ही रोगांतला फरक घरच्या घरी ओळखता येतो का, कळवल्यावर नेमके काय होते, भरपाई खरोखर मिळते का, आणि घरातली अंडी खावीत की नाही, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : निवृत्त पशुधन विकास अधिकारी

ताई, आधी काय करायचे ते सांगतो, कारणे मागून. व्यापाऱ्याला आजच फोन करून गाडी पाठवू नका असे सांगा. शेडमधले पक्षी, अंडी, ट्रे, खाद्याची रिकामी पोती यांपैकी काहीही फाटकाबाहेर जाऊ देऊ नका. अंगणातल्या कोंबड्या डालग्याखाली किंवा खुराड्यात कोंडा आणि बदकांना ओढ्यावर जाऊ देऊ नका. मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने शिवू नका आणि ‘आत काय झाले आहे ते पाहू’ म्हणून कोणी कापायला निघाला तर त्याला थांबवा. त्यानंतर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवा. प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार अशा संशयित आजाराची माहिती देणे पशुपालकावर बंधनकारक आहे. निदान शेवटी मानमोडीचे निघाले तरी कळवणे वाया जात नाही, कारण तोही नोंद करण्याजोगाच रोग आहे.

आता फरकाविषयी. मानमोडी म्हणजे रानीखेत. त्यात मान पिळवटणे, पाय लुळे पडणे, चोच उघडून श्वास घेणे आणि हिरवट जुलाब ही लक्षणे दिसतात. बर्ड फ्लूमध्ये तुरा आणि गळ्याखालची लोंबती कातडी निळी-जांभळी होणे, डोके सुजणे, पायाच्या नळ्यांवर रक्ताचे लाल ठिपके उमटणे, अंडी एकदम घटणे, आणि कित्येकदा कोणतेही लक्षण न दाखवता पक्षी टपाटप मरणे असे चित्र असते. पुस्तकात हे दोन वेगवेगळ्या परिच्छेदांत शोभून दिसते, पण शेडमध्ये उभे राहिल्यावर ते एकमेकांत मिसळते. लस न दिलेल्या कळपात मानमोडीनेही जवळजवळ सगळे पक्षी जाऊ शकतात आणि जुलाब दोन्हींत होतात. त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी खात्रीचे निदान मीही करणार नाही. एक गोष्ट मात्र मी नेहमी विचारत असे : मानमोडीवरची लासोटाची लस वेळेवर झाली होती का? आपल्या शेडमध्ये ती नियमित झालेली असेल आणि तरीही तिथे मर सुरू झाली, तर संशयाचा काटा बर्ड फ्लूकडे झुकतो.

हा रोग कोंबडीला इतका जड का जातो, हेही समजून घेण्यासारखे आहे. बर्ड फ्लूचा विषाणू हा इन्फ्लुएन्झा ‘ए’ गटातला असतो आणि त्याचे मूळ घर म्हणजे रानबदके व पाणपक्षी. त्यांच्या आतड्यात तो बहुधा गुपचूप नांदतो आणि विष्ठेवाटे पाण्यात उतरतो. विषाणूच्या पृष्ठभागावर दोन प्रकारची प्रथिने असतात आणि त्यांच्या क्रमांकांवरूनच एच५एन१, एच९एन२ अशी नावे पडतात. त्यांपैकी ‘एच’ प्रथिनाला पेशीत शिरण्यापूर्वी शरीरातल्या विकराकडून (एन्झाइमकडून) एके ठिकाणी छेद मिळावा लागतो. सौम्य विषाणूला हा छेद देणारी विकरे केवळ श्वासमार्गात आणि आतड्यात सापडतात, म्हणून त्याचा उपद्रव तेवढ्यापुरताच राहतो. एच५ आणि एच७ या प्रकारांत मात्र कधी कधी त्या छेदाच्या जागेची रचना अशी बदलते की शरीरातल्या जवळजवळ कोणत्याही पेशीतले विकर तो छेद देऊ शकते. मग विषाणू मेंदू, हृदय, यकृत, मूत्रपिंड असा सर्वत्र पसरतो, रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि कोंबडी एक-दोन दिवसांत जाते. तुऱ्याचा जांभळा रंग हे त्याचेच बाहेर दिसणारे चिन्ह होय. बदके मात्र पुष्कळदा तगून राहतात आणि धडधाकट दिसत असतानाही विषाणू सोडत राहतात. म्हणून आपल्या पत्रात मेलेल्या कोंबड्यांपेक्षा ओढ्यावर जाणारी ती चार-सहा बदके मला अधिक खटकली.

कळवल्यानंतर पशुवैद्य येऊन पक्ष्यांच्या घशातील व विष्ठाद्वारातील स्राव कापसाच्या काडीवर घेतात आणि ताजे मृत पक्षी बर्फात बंदिस्त करून पुण्याच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवतात. अंतिम शिक्कामोर्तब भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते. तोवर आपल्याकडे कोणीही सरसकट पक्षी मारायला येत नाही, हे धाकट्या दीरांना सांगा. अहवाल होकारार्थी आला, तर साधारणपणे एक किलोमीटर परिसर बाधित क्षेत्र ठरवून तिथले सर्व पाळीव पक्षी नष्ट केले जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत निगराणी ठेवली जाते. आपल्या शेजारच्या शहापूर तालुक्यात वेहळोलीला २०२२ मध्ये आणि उरण तालुक्यातल्या चिरनेरला जानेवारी २०२५ मध्ये असेच करण्यात आले.

भरपाई मिळते. केंद्र आणि राज्य तिचा भार निम्मा निम्मा उचलतात. २०२१ च्या साथीत आठ आठवड्यांवरील अंडी देणाऱ्या कोंबडीला ९० रुपये, सहा आठवड्यांवरील मांसल कोंबडीला ७० रुपये, लहान पिल्लाला २० रुपये, नष्ट केलेल्या अंड्याला ३ रुपये आणि खाद्याला किलोमागे १२ रुपये असा दर होता. सध्याचा दर दवाखान्यात विचारून घ्या. गावठी कोंबडीचा बाजारभाव पाहता ही रक्कम तुटपुंजी आहे, हे मी नोकरीत असतानाही म्हणत होतो.

उत्तर : नवापूरकर

वरील उत्तरातला प्रत्येक शब्द खरा आहे. त्याला आमच्याकडचा अनुभव जोडतो. देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्याच नवापूरला, नंदुरबार जिल्ह्यात, १८ फेब्रुवारी २००६ रोजी जाहीर झाला. त्याआधी पक्षी मरत होते आणि सगळीकडे नाव मानमोडीचेच घेतले जात होते, कारण त्यापूर्वी या देशात दुसरे नाव कोणी घेतलेलेच नव्हते. लाखो पक्षी नष्ट झाले, मोठमोठे खड्डे खणून चुन्याच्या थरांत पुरले गेले. शेजारचे गुजरातमधले उच्छलही त्यात आले आणि मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यात पुन्हा तेच घडले. रेल्वेने गाडीतल्या जेवणातून कोंबडी आणि अंडी काढून टाकली. शेकडो कोसांवरचे व्यावसायिक, ज्यांच्या शेडमध्ये एकही पक्षी आजारी नव्हता, तेही भाव कोसळल्याने बुडाले. २०२१ मध्ये आमच्यावर दुसऱ्यांदा तीच पाळी आली.

ताई, भरपाईबाबत एक गोष्ट स्पष्ट समजून घ्या, कारण ती कोणी आधी सांगत नाही. पैसे मिळतात ते पथकाने मोजून नष्ट केलेल्या पक्ष्यांचे. त्यापूर्वी रोगाने मेलेल्या पक्ष्याचे काहीच मिळत नाही. म्हणजे ‘दोन दिवस वाट पाहू, कदाचित थांबेल’ असे म्हणणाऱ्याच्या खिशातून दर तासाला पैसे जात असतात. आम्ही मंडळी व्यवहारी आहोत, तेव्हा व्यवहाराच्या भाषेतच सांगतो : लवकर कळवणे हाच स्वस्त मार्ग आहे. आजच्या आज पक्ष्यांची नोंदवही पूर्ण करा, पिल्लांच्या खरेदीची पावती आणि खाद्याची बिले एका पिशवीत ठेवा, गोदामातल्या खाद्याची पोती मोजा. करारावर ब्रॉयलर घेणाऱ्या कोणी हे वाचत असेल, तर पक्ष्यांची मालकी कोणाची हे करारात काय लिहिले आहे ते पाहून ठेवावे, कारण भरपाई पक्ष्याच्या मालकाला मिळते आणि शेड, वीज व मजुरी ज्याने घातली तो बघत राहतो.

व्यापाऱ्याविषयी. साथीची कुणकुण लागली की निम्म्या भावात माल उचलायला तयार होणारी गाडी कुठून तरी हमखास येते. तिच गाडी आधी चार शेडमधून फिरून आलेली असते आणि पिंजरे धुतलेले नसतात. लोक आकाशातल्या पक्ष्यांकडे बोट दाखवतात, कारण त्यांना कोणी जाब विचारू शकत नाही. स्थलांतरित पक्षी रोग आणू शकतात, हे मान्य आहे. मात्र एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये तो पोहोचतो तो पिंजऱ्यांवरून, अंड्यांच्या ट्रेवरून, खाद्याच्या गाडीच्या चाकांवरून आणि आपल्याच चपलांवरून, असे माझे ठाम मत आहे. आमच्याकडे आता शेडच्या चपला शेडच्या दारातच राहतात, आणि पुठ्ठ्याचे ट्रे परत घेणे मी बंद केले आहे.

परसदार

दोघांचेही आभार. व्यापाऱ्याला नको म्हणून सांगितले आहे आणि दवाखान्यातही कळवले; उद्या सकाळी नमुने घ्यायला येणार आहेत. शेडमध्ये लासोटाची लस वेळेवर दिलेली आहे, अंगणातल्या कोंबड्यांना मात्र कधीच दिली नव्हती. मुलीविषयी आणि खाण्याविषयी कोणी वैद्यकीय जाणकारांनी सांगितले तर बरे होईल. कालच्या मेलेल्या कोंबड्या सासूबाईंनीच हाताने उचलल्या होत्या. शिवाय घरात एक मांजर आहे.

उत्तर : ग्रामीण रुग्णालयातील वैद्यकीय अधिकारी

घाबरण्याचे कारण नाही, पण सैल राहण्याचेही नाही. माणसांत हा आजार फार विरळा आहे. हाँगकाँगमध्ये १९९७ साली एच५एन१ प्रथम माणसांत आढळला, तेव्हा १८ जणांना लागण झाली आणि त्यांपैकी ६ दगावले. २००३ पासून जगभरात माणसांतल्या साडेनऊशेहून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि त्यांतले जवळजवळ निम्मे मरण पावले. सौम्य रुग्ण पुष्कळदा नोंदीतच येत नाहीत, त्यामुळे मृत्यूचे खरे प्रमाण याहून कमी असावे. तरीही लागण झाल्यास हा आजार हलका नाही, एवढे त्यातून कळते. भारतात २०२१ मध्ये हरियाणातील एका मुलाचा दिल्लीच्या एम्समध्ये मृत्यू झाला, आणि २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील एक लहान मुलगी दगावली. तिने कोंबडीच्या कच्च्या मांसाचा तुकडा खाल्ल्याचे तिच्या घरच्यांनी सांगितले होते.

विरळा असण्याचे कारण असे की हा विषाणू ज्या प्रकारच्या ग्राहकरेणूंना चिकटतो, ते पक्ष्यांच्या शरीरात विपुल असतात, तर माणसाच्या नाकात व घशात फार थोडे असतात. ते आपल्याकडे फुप्फुसाच्या अगदी खोल भागात आणि डोळ्यांच्या पातळ पडद्यावर आढळतात. म्हणून सहजासहजी लागण होत नाही, माणसाकडून माणसाकडे तर सातत्याने पसरत नाहीच; पण खूप मोठ्या प्रमाणात विषाणू श्वासावाटे आत गेला तर होणारा न्यूमोनिया गंभीर असतो. अमेरिकेत २०२४ पासून दुभत्या गायींमध्ये एच५एन१ पसरला, तेव्हा गोठ्यांतल्या पुष्कळ कामगारांना केवळ डोळे लाल होण्याचा त्रास झाला, त्याचेही स्पष्टीकरण यात मिळते.

आता खाण्याविषयी. ७० अंश सेल्सिअसच्या पुढे सर्व भागांत शिजलेल्या मांसातला आणि पिवळा बलक घट्ट होईपर्यंत उकडलेल्या अंड्यातला विषाणू नष्ट होतो. आपल्याकडे रस्सा ज्या पद्धतीने उकळला जातो, त्यात काही उरत नाही. तरीही आपल्या घरची अंडी, अहवाल येईपर्यंत, कोणीही खाऊ नयेत आणि वाटूही नयेत. इतरांनी निरोगी ठिकाणचे चिकन नीट शिजवून खायला हरकत नाही; अर्धकच्चे अंडे आणि कच्च्या अंड्याचा बलक मात्र टाळावा. खरा धोका असतो तो शिजवण्यापूर्वी. मलूल कोंबडी कापणे, गरम पाण्यात बुडवून पिसे उपटणे, आतडी काढणे, हे करताना रक्ताचे व विष्ठेचे बारीक तुषार नाकाडोळ्यांत जातात. ओढ्यापलीकडच्या ज्या घरांत आजारी कोंबड्या कापल्या गेल्या, त्यांची मला आपल्यापेक्षा जास्त काळजी वाटते. त्यांची माहितीही आरोग्य केंद्राला द्या. त्यात चहाडी नाही.

मुलीला पक्ष्यांपासून आणि अंगणाच्या त्या भागापासून पूर्ण दूर ठेवा, हातपाय साबणाने धुवा आणि कपडे वेगळे धुवा. या विषाणूवर स्निग्ध आवरण असते आणि साधा साबण ते मोडतो. सासूबाई व मुलगी या दोघींवर निदान दहा दिवस लक्ष ठेवा. ताप, घसादुखी, खोकला, धाप किंवा डोळे लाल होणे यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी दवाखान्यात या आणि ‘आमच्या कोंबड्या मेल्या आहेत’ हे वाक्य सर्वांत आधी सांगा, कारण नुसता ताप म्हटले की कोणाच्याही डोक्यात हा आजार येत नाही. ओसेल्टामिव्हिर हे औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झाले तर अधिक उपयोगी पडते. ते डॉक्टरांनीच ठरवायचे. घशातील नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेकडे तपासता येतो.

मांजराचे आपण विचारलेत ते बरे केलेत. मार्जारकुळाला हा विषाणू फार वाईट मानवतो. नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, आणि भोपाळच्या प्रयोगशाळेने जानेवारी २०२५ मध्ये त्यांना एच५एन१ची लागण झाल्याचा अहवाल दिला. मेलेली कोंबडी मांजराच्या किंवा कुत्र्याच्या तोंडी लागणार नाही, याची व्यवस्था करा.

प्रश्न : पशुविज्ञान विद्यार्थी

मानमोडीला लस आहे तर बर्ड फ्लूला का देत नाहीत? चीन कित्येक वर्षांपासून देत आहे आणि फ्रान्सने २०२३ पासून बदकांना लस द्यायला सुरुवात केली. दरवेळी पक्षी मारत बसण्यापेक्षा ते बरे नव्हे का?

उत्तर : निवृत्त पशुधन विकास अधिकारी

प्रश्न रास्त आहे आणि त्यावर तज्ज्ञांतही दुमत आहे. लस दिलेला पक्षी मरत नाही, पण लागण झाल्यास तो विषाणू थोडाफार सोडत राहू शकतो. मर झाली नाही की कोणाला पत्ता लागत नाही, आणि विषाणू कळपात राहून रूप बदलत जातो. म्हणून लसीबरोबर सतत नमुने तपासण्याची यंत्रणा लागते. फ्रान्सला ती परवडते. आपल्याकडे दर घरामागे दहा-वीस कोंबड्या मोकळ्या फिरत असताना ती उभी करणे अवघड आहे, शिवाय निर्यातीचे निर्बंध येतात ते वेगळेच. सौम्य एच९एन२ साठी भोपाळच्या संस्थेने देशी लस तयार केली आहे. तीव्र एच५एन१ साठी मात्र शोधा आणि नष्ट करा हेच आपले धोरण राहिले आहे. माझा कल अजून याच बाजूला आहे, मात्र भरपाई वाढवल्याखेरीज या धोरणाला लोकांची साथ मिळणार नाही.

परसदार ताई, एक गोष्ट राहिली. आपल्या शेडमधले कोंबडखत कोणी भाजीच्या वाफ्यांसाठी मागून ठेवले असेल, तर तेही देऊ नका. विष्ठेत हा विषाणू ३७ अंशांना सुमारे सहा दिवस आणि ४ अंशांच्या थंडाव्यात महिनाभराहून अधिक टिकू शकतो. भुशाची गादी आत्ता उकरूही नका, धूळ उडते. अहवाल येईपर्यंत ती आहे तशीच राहू द्या, दाराशी चुना पसरा, आणि उद्या पथक आले की गेल्या पंधरवड्यात खत कोणाकोणाकडे गेले त्यांची नावे त्यांना लिहून द्या.